आईच्या गुडघ्यात ‘ग्रेड ३’ आलंय; स्टेम सेल किंवा पीआरपीसाठी त्या योग्य आहेत का, हे कसं ठरवायचं?

तुमच्या प्रश्नातला गाभा आधी मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईंचं वय ६१, राहणं कराडजवळच्या गावी. दोन्ही गुडघे काही वर्षांपासून दुखतात, उजवा जास्त. उंची ५ फूट १ इंच, वजन ७८ किलो. मधुमेह आहे, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.६. हृदयासाठी ॲस्पिरिनची छोटी गोळी चालू आहे. एमआरआयच्या रिपोर्टात ‘ग्रेड ३’ आणि ‘मेनिस्कस टेअर’ (गुडघ्याच्या दोन हाडांमधल्या चकतीला चीर) असे शब्द आहेत. तो रिपोर्ट तुम्ही एका क्लिनिकला व्हॉट्सॲपवर पाठवलात आणि तासाभरात उत्तर आलं: आई रिजनरेटिव्ह थेरपीसाठी, म्हणजे झिजलेला भाग पुन्हा वाढवण्याच्या उपचारासाठी, अगदी योग्य आहेत, दोन्ही गुडघ्यांचं स्टेम सेल (मूळ पेशींचं) पॅकेज १ लाख ८० हजार, गादी पुन्हा तयार होईल, ऑपरेशन टळेल, महिनाअखेरच्या आत बुकिंग केलंत तर सूट. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आई खरंच योग्य आहेत का? आणि निर्णय होईपर्यंत दुखण्याच्या गोळ्या द्यायच्या का?

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. सांधेबदलाच्या शस्त्रक्रिया करतो आणि निवडक रुग्णांना पीआरपी, म्हणजे त्यांच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शनही देतो. म्हणजे ऑपरेशन आणि इंजेक्शन या दोन्हींत माझा व्यवसाय आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

सरळ उत्तर असं: तुम्ही दिलेल्या माहितीवरून आई योग्य आहेत की नाहीत हे मला सांगता येत नाही, आणि तेवढ्याच माहितीवर त्या क्लिनिकलाही ते सांगता येणार नव्हतं. पण आजच्या घडीला, या साखरेवर आणि या कागदांवर, मी त्यांना असलं कोणतंही इंजेक्शन देणार नाही. तीन-चार महिन्यांनी चित्र वेगळं असू शकतं. ते कशावर अवलंबून आहे ते सांगतो.

सुरुवात त्या ‘ग्रेड ३’पासून करू, कारण सगळी गाडी तिथूनच चुकीच्या रुळावर गेलेली दिसते. गुडघ्याच्या झिजेची जी ग्रेड डॉक्टर एकमेकांशी बोलताना वापरतात, ती केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ मध्ये मांडली आणि ती साध्या एक्स-रेवरून ठरते. ग्रेड १ म्हणजे शंका. ग्रेड २ म्हणजे हाडाच्या कडेला नक्की दिसणारे काटे आणि दोन हाडांमधली कदाचित थोडी कमी झालेली फट. ग्रेड ३ म्हणजे फट स्पष्टपणे कमी, काटे बरेच. ग्रेड ४ म्हणजे फट जवळजवळ संपलेली आणि हाडाचा आकारही बदललेला. एमआरआयच्या रिपोर्टात मात्र ‘ग्रेड ३’ हे शब्द वेगळ्याच अर्थाने येतात. तिथे मेनिस्कसमधल्या बदलालाही ग्रेड देतात, आणि त्यात ग्रेड ३ म्हणजे फक्त ‘पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली चीर’. वाटीमागच्या कूर्चेच्या (हाडावरच्या गुळगुळीत थराच्या, ज्याला बोलताना गादी म्हणतात) झिजेलाही वेगळी ग्रेड असते. तुमच्या रिपोर्टात ही ग्रेड कशाची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती मेनिस्कसची असेल, तर गुडघा एकूण किती झिजलाय याबद्दल त्या आकड्याने काहीच सांगितलेलं नाही. आईंचा सांधा एक्स-रेवर ग्रेड २ असू शकतो आणि ग्रेड ४ सुद्धा.

मेनिस्कस फाटलाय या शब्दांनीही घाबरू नका. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मेनिस्कसला चीर दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता. साठीच्या माणसाच्या एमआरआयमध्ये काहीतरी सापडणारच. सापडलेली गोष्ट आणि दुखणारी गोष्ट एकच आहे का, हे माणसाला तपासल्याशिवाय कळत नाही.

म्हणून मी प्रश्न जरा फिरवून घेतो. आई या उपचाराला योग्य आहेत का, हे नंतर पाहू. आधी हे ठरायला हवं: दुखणं नेमकं कुठून येतंय, त्यातलं किती इंजेक्शनने कमी होण्यासारखं आहे, आणि आईंना स्वतःला कोणती गोष्ट पुन्हा जमायला हवी आहे? तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात हे तिसरं कुठेच नाही. जिना उतरता यायला हवाय, की शेतापर्यंत चालत जायचंय, की खाली मांडी घालून बसायचंय? जिना आणि चालणं यांत सुधारणा व्हायला बऱ्यापैकी वाव असतो. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं हे झिजलेल्या गुडघ्याला कोणत्याही इंजेक्शनने सहजी परत मिळत नाही, आणि सांधा बदलल्यावरही आम्ही त्याला शक्यतो नाहीच म्हणतो. आईंची खरी इच्छा तीच असेल, तर पैसे कुठेही घालवले तरी त्या निराशच होतील.

माझ्याकडे असा रुग्ण आला की मी फाईल बाजूला ठेवतो आणि सांगतो, जिथे दुखतं तिथे एका बोटाने दाखवा. कुणी पूर्ण पंजा गुडघ्यावर ठेवतं, कुणी वाटीच्या वर बोट ठेवतं, कुणी सांध्याच्या आतल्या बाजूच्या रेषेवर. आणि आईंच्या वयाच्या, थोड्या स्थूल, मधुमेह असलेल्या बऱ्याच बायका सांध्याच्या दोन-तीन बोटं खाली, नडगीच्या आतल्या बाजूला बोट ठेवतात. तिथे दाबलं की कळवळतात. ते दुखणं सांध्याच्या आतलं नसतंच. तिथे मांडीचे तीन स्नायू हाडाला चिकटतात आणि त्यांच्याखालची छोटी पिशवी सुजलेली असते. रात्री कुशीवर झोपताना गुडघ्यावर गुडघा आला की ठणकतं. त्यावर व्यायाम, शेक आणि झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी यांनी पुष्कळ काम होतं. तिथे दुखत असताना सांध्याच्या आत स्टेम सेल सोडणं म्हणजे पत्ता चुकवणं.

दुसरी तपासणी खुब्याची. खुब्याचं दुखणं कधीकधी फक्त गुडघ्यात जाणवतं. आईंना पायाची नखं कापायला, सॉक्स घालायला त्रास होतो का ते विचारा. पाठीवर झोपवून गुडघा दुमडून पाय आत-बाहेर फिरवला आणि जांघेत दुखलं, तर खुब्याचाही एक्स-रे हवा. तिसरी कमर. थोडं चाललं की पाय भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं, ही तक्रार बहुधा मणक्यातल्या नसेची असते. आणि सकाळी उठल्यावरचा ताठरपणा अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त टिकत असेल, हाताची बोटंही सुजत असतील, तर हा वयोमानाचा झिजेचा प्रकार नाही; मग आधी आमवाताच्या रक्ततपासण्या आणि संधिवाततज्ज्ञ. गुडघा गरम, सतत सुजलेला, रात्री झोपेतून उठवणारा असेल तर जंतुसंसर्गाचा विचार करावाच लागतो, आपल्याकडे क्षयाचाही. अशा गुडघ्यात ‘वाढ करणारं’ काहीही टोचणं धोक्याचं आहे.

या सगळ्यातून गाळून उरलं की ‘दुखणं सांध्याच्या झिजेचंच आहे’, तर मग एक्स-रे. आणि तो उभं राहूनच. हे मी रुग्णांना चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून देतो, तरी निम्मे लोक झोपून काढलेला घेऊन येतात. झोपल्यावर सांध्यावर भार नसतो, त्यामुळे फट बरी दिसते. उभं राहिल्यावर आतल्या बाजूला हाड हाडाला टेकलेलं दिसतं. दोन्ही गुडघे एका फिल्मवर, समोरून, दोन्ही पायांवर वजन देऊन, मग बाजूने, आणि वाटीचा वेगळा. तालुक्याच्या गावीही हे होतं आणि एमआरआयच्या तुलनेत खर्च किरकोळ आहे. पहिल्या भेटीत एमआरआयची गरज बहुतेकांना नसतेच.

त्या फिल्मवर मी फटीइतकंच पायाच्या रेषेकडे बघतो. आपल्याकडे गुडघ्याची झीज बहुधा आतल्या बाजूला होते आणि पाय हळूहळू धनुष्यासारखा बाहेर वाकतो. आईंना भिंतीला पाठ लावून, घोटे जुळवून उभं करा आणि दोन गुडघ्यांमध्ये किती अंतर राहतं बघा. तीन-चार बोटांहून जास्त राहत असेल, तर शरीराचं वजन प्रत्येक पावलाला त्याच झिजलेल्या कडेवर पडतंय. बांध फुटलेल्या रानात खत टाकलं तर पहिल्याच पावसात ते ओढ्याला जातं, तसं त्या गुडघ्यात टाकलेल्या इंजेक्शनचं होतं. वाकडेपणा ठळक असेल तर कमरेपासून घोट्यापर्यंतचा उभा एक्स-रे, ज्याला स्कॅनोग्राम म्हणतात, काढून रेषा मोजावी लागते. झीज फक्त आतल्या अर्ध्या भागात असेल, तर हाडाला छेद देऊन पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया किंवा अर्धाच सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया हेही पर्याय असतात. ‘स्टेम सेल नाहीतर पूर्ण सांधेबदल’ अशी दोनच दारं आहेत, असं तुमच्या मनात कुणीतरी बसवलंय. ते खरं नाही.

आता ‘रिजनरेटिव्ह’ या पाटीखाली नेमकं काय विकलं जातं ते पाहू. योग्य कोण, याचं उत्तर सिरिंजमध्ये काय आहे त्यावरही बदलतं.

सर्वांत जास्त दिलं जातं ते पीआरपी. रुग्णाचंच रक्त काढायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करून सांध्यात सोडायचा. यात स्टेम सेल नसतात. त्याबद्दलचा पुरावा गोंधळात टाकणारा आहे, आणि तो तसाच सांगणं मला प्रामाणिक वाटतं. काही चाचण्यांत वंगणाच्या म्हणजे हायलुरोनिक ॲसिडच्या इंजेक्शनपेक्षा पीआरपीने जास्त आराम पडला. पण ऑस्ट्रेलियातल्या ‘रिस्टोर’ चाचणीत, जी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, ग्रेड २ आणि ३ च्या २८८ लोकांना दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली, अर्ध्यांना पीआरपी, अर्ध्यांना सलाईनचं पाणी. वर्षभराने दुखण्यात लक्षणीय फरक नव्हता, आणि एमआरआयवर कूर्चा दोन्ही गटांत सारख्याच वेगाने कमी झाली होती. टीकाकार म्हणतात, त्यातल्या पीआरपीत प्लेटलेट पुरेशा नव्हत्या. आक्षेपात तथ्य आहे; प्रत्येक क्लिनिकचं पीआरपी वेगळं असतं ही या उपचाराची मोठी दुखरी बाजू आहे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी पीआरपी देऊ नका असं ठामपणे सांगितलं, तर तिथल्याच अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने २०२१ मध्ये ‘उपयोग होऊ शकतो, पण पुरावा मर्यादित’ अशी भूमिका घेतली. दोन्ही बाजूंना जाणकार माणसं आहेत.

त्या चाचणीतली आणखी एक गोष्ट लोक विसरतात: पाणी टोचलेल्यांचंही दुखणं बऱ्यापैकी कमी झालं. झिजेचं दुखणं चढ-उताराचं असतं आणि माणूस डॉक्टरकडे येतो तो दुखणं शिखरावर असताना. त्यानंतर काहीही केलं तरी काही आठवड्यांत थोडं उतरतंच. म्हणून जाहिरातीतल्या ‘आजी आता पळतात’ छाप व्हिडिओंवरून काही ठरवू नका. आजी खोटं बोलत नसतात, पण कशामुळे बरं वाटलं हे त्यांनाही माहीत नसतं.

दुसरा प्रकार, कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा ओढून ती घट्ट करून त्याच दिवशी गुडघ्यात सोडणं. याला सर्रास स्टेम सेल म्हणतात. प्रत्यक्षात अस्थिमज्जेतल्या केंद्रक असलेल्या पेशींमध्ये त्या विशिष्ट पेशींचं प्रमाण दर दहा हजारांत एक किंवा त्याहूनही कमी असतं, आणि वयानुसार घटत जातं. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी हा याचाच भाऊबंद. अमेरिकेत ४७५ लोकांवर झालेली एक मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अस्थिमज्जेचा अर्क, चरबीतल्या पेशी आणि नाळेतल्या पेशी या तिन्हींची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली होती. वर्षाअखेर तिन्हींपैकी एकही त्याच्यापेक्षा सरस ठरलं नाही.

तिसरा प्रकार, दात्याच्या अस्थिमज्जेतून प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मोजून भरलेल्या पेशी. यातल्या बंगळूरच्या एका कंपनीच्या ‘स्टेमप्युसेल’ या उत्पादनाला २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी आपल्या औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली आहे, तीही ग्रेड २ आणि ३ साठी. त्याच्या चाचणीत तुलनेच्या गटापेक्षा दुखणं कमी झाल्याचं दिसलं. ‘गादी नव्याने उगवली’ असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. म्हणजे भारतात गुडघ्यासाठी पेशींचं इंजेक्शन सरसकट बेकायदा आहे हेही खरं नाही, आणि स्टेम सेल या नावाने चालणारं सगळं मान्यताप्राप्त आहे हेही नाही. ‘आयसीएमआर’च्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर मान्यता नसलेला कुठलाही स्टेम सेल उपचार हे संशोधन धरलं जातं. ते नोंदणीकृत चाचणीतच करायचं असतं, आणि त्या चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. पॅकेज आणि महिनाअखेरची सूट या शब्दांनी मला खटकलं ते यामुळे.

नाळेतल्या पेशी, एक्सोसोम (पेशींतून बाहेर पडणारे सूक्ष्म कण) वगैरे नावंही तुमच्या कानावर घातली जातील. एका वाक्यात: मी माझ्या घरच्यांना देणार नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये नाळेच्या रक्तापासून बनवलेली अशी इंजेक्शनं घेतल्यावर १२ जणांना जिवाणूंचा संसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं.

मग मी हो कुणाला म्हणतो? समजा ४८ वर्षांच्या शिक्षिका आहेत. पाय सरळ, एक्स-रेवर ग्रेड २, वजन आटोक्यात, साखर नाही. तीन महिने नेटाने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम केलेत, तरी दिवसभर वर्गात उभं राहिल्यावर गुडघा सुजतो. सांध्याच्या रेषेवरच दुखतं. त्यांना मी सांगतो की पीआरपीने दुखणं सहा महिने ते वर्षभर कमी राहण्याची शक्यता आहे, खात्री नाही, परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागेल, नवी कूर्चा उगवणार नाही. हे ऐकूनही त्या म्हणाल्या की चालेल, तर त्या माझ्या दृष्टीने योग्य. अपेक्षा रास्त असणं हा माझ्यासाठी एक्स-रेइतकाच महत्त्वाचा निकष आहे. ग्रेड ३, पाय थोडा वाकडा, वय पासष्टच्या आत, असे लोक मधल्या पट्ट्यात येतात. तिथे मी वेळ घेतो आणि पुष्कळदा नाही म्हणतो. ग्रेड ४ ला नाहीच. तिथे इंजेक्शनचे पैसे म्हणजे पुढच्या ऑपरेशनच्या पैशातून केलेली उचल.

आणि पेशींचा उपचार जिथे खरोखर जास्त अर्थपूर्ण आहे ते रुग्ण आईंसारखे नसतातच. बाईकवरून पडून कूर्चेचा एक तुकडा निघालेला तिशीतला मुलगा, बाकीचा सांधा धडधाकट: त्याच्या स्वतःच्या कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या खड्ड्यात बसवता येतात. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी ही पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती आपल्याकडेही होते. किंवा खुब्याच्या गोलाचा रक्तपुरवठा तुटलेला, पण गोल अजून चेपलेला नाही असा तरुण; तिथे हाडाला भोक पाडून दाब कमी करताना अस्थिमज्जेचा अर्क सोडतात. दोन्हींत दोष छोटा आणि ठरावीक जागी असतो, आजूबाजूचं चांगलं असतं. साठीच्या झिजलेल्या गुडघ्यात कूर्चा, हाड, मेनिस्कस, सांध्याचं अस्तर, स्नायू सगळंच बदललेलं असतं.

सांध्याचं झालं, आता बाकीच्या शरीराचं. एचबीएवनसी ८.६ असताना मी तातडी नसलेलं कोणतंही इंजेक्शन सांध्यात देत नाही. ८ च्या खाली येईपर्यंत थांबतो. जंतुसंसर्गाची शक्यता कमी असली तरी सांध्यातला संसर्ग ही आयुष्यभराची कटकट असते. पीआरपी द्यायचं असेल तर आधी साधी रक्ततपासणी करतो. प्लेटलेट दीड लाखाच्या वर असतील तर निर्धास्त, एक लाखाच्या खाली असतील तर नाही. पावसाळ्यानंतर डेंग्यूतून उठलेले लोक येतात, त्यांना परत पाठवतो. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर आधी ते वाढवायचं. पायावर जखम, नखाशी पू, लघवीचा संसर्ग, ताप यातलं काहीही असेल तर पुढची तारीख. रक्ताचा कर्करोग असेल तर विषयच नाही. दुखण्याच्या गोळ्या आधी आठवडाभर आणि नंतर दोनेक आठवडे बंद ठेवायला सांगतो, कारण त्या प्लेटलेटच्या कामात ढवळाढवळ करतात. आईंची हृदयाची ॲस्पिरिन मात्र कुठल्याही इंजेक्शनसाठी परस्पर थांबवायची नाही. हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता कुणी ‘आठवडाभर बंद करा’ म्हणालं, तर तिथून उठा.

इथवरचं एकत्र केलं तर आईंच्या बाबतीत तीन गोष्टी अजून माहीत नाहीत: दुखण्याची जागा, उभ्या एक्स-रेवरची ग्रेड आणि पायाची रेषा. दोन गोष्टी माहीत आहेत आणि त्या विरोधात जातात: साखर आणि वजन. माहीत असलेल्यांवर आजपासून काम करता येतं.

वजनाचं मी जरा आग्रहाने सांगतो. एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. आईंनी सात-आठ किलो कमी केले तर पावलागणिक तीस किलो. कोणतंही इंजेक्शन एवढं करत नाही. ‘गुडघे दुखतात म्हणून चालता येत नाही, चालता येत नाही म्हणून वजन वाढतं’ हे रडगाणं मला पाठ आहे आणि ते खरंही आहे. म्हणून सुरुवात चालण्याने करायची नाही. ताटातला भात आणि दिवसातला साखरेचा चहा इथून करायची, साखरेच्या डॉक्टरांना वजन न वाढवणारी किंवा कमी करणारी औषधं चालतील का ते विचारायचं, आणि व्यायाम बसून-झोपून. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची, सरळ पाय वर उचलायचा, कुशीवर झोपून पाय बाजूला उचलायचा, आणि थोडी ताकद आली की खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. पहिले पंधरा दिवस दुखणं थोडं वाढतं आणि तिथेच बहुतेक जण सोडतात. कराडला फिजिओथेरपिस्ट मिळतील. आठवड्यातून एकदा दाखवून घरी रोज करणं पुरतं. तीन महिने. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन लष्करी रुग्णालयांतल्या चाचणीत फिजिओथेरपी घेतलेले लोक वर्षभराने स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा बरे होते.

तीन महिन्यांनी साखर ८ च्या खाली, एक्स-रेवर ग्रेड २ किंवा ३, पाय फारसा वाकडा नाही, दुखणं सांध्यातलं आणि तरीही त्रास असेल, तर पीआरपी किंवा परवानगी असलेलं पेशींचं उत्पादन यावर बोलायला हरकत नाही. एका वेळी एकच गुडघा, जास्त दुखणारा. दोन्ही गुडघ्यांचं पॅकेज एकदम घ्यायचं वैद्यकीय कारण मला दिसत नाही. ग्रेड ४ निघाली तर सांधेबदलाचा विचार करा. त्यासाठीही साखर आणि वजन खाली आणावंच लागतं, म्हणजे हे तीन महिने कुठल्याही वाटेने वाया जात नाहीत.

त्या क्लिनिकला फोन करणारच असाल तर विचारा: सिरिंजमध्ये नेमकं काय असेल, रुग्णाचं स्वतःचं की दात्याचं? उत्पादन असेल तर नाव, बॅच क्रमांक आणि परवानगीचं पत्र दाखवाल का? चाचणी असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय? इंजेक्शन कोण देणार, त्यांची पदवी काय, सोनोग्राफीत बघून देणार का? आणि शेवटी हे: मागच्या काही महिन्यांत तुम्ही कुणाला नाही म्हणालात, आणि का? या शेवटच्या प्रश्नाला जो डॉक्टर न अडखळता दोन-तीन उदाहरणं देईल, त्याच्याकडे आईंना दाखवायला न्या. एक्स-रे मलाही इथे पाठवू नका. फोटोवरून ठरवणाऱ्यांवर टीका करून मीच तसं करणं बरं नव्हे.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. आधी डायक्लोफेनॅकचं जेल, दिवसातून तीन-चार वेळा, गुडघ्यावर नीट चोळून. साठीच्या, मधुमेही माणसाला सर्वांत सुरक्षित तेच. त्यावर भागलं नाही तर पॅरासिटामॉल, अधूनमधून. तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि रक्तदाब पाहिल्याशिवाय देऊ नका. ॲस्पिरिनसोबत त्या घेतल्या की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, आणि आयब्युप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या हृदयासाठीच्या कामातच अडथळा आणतं. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच दुखण्याच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे पाकिटामागचं वाचून घ्या, नाहीतर नकळत दुप्पट जातं. गावातल्या डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइड सुचवलं तर साखर उतरेपर्यंत थांबा, त्याने ती काही दिवस आणखी चढते. आणि आईंना एकदा शांतपणे, रागावून नाही, विचारा की कुणाकडून गुडघ्याची पुडी किंवा बिनलेबलची काळी गोळी आणून घेतायत का. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलंय. घेत असतील तर साखर ८.६ का आहे, याचं थोडं उत्तर तिथेच मिळेल. पण ती एकदम बंद करू नका. जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब कोसळणं असं होऊ शकतं. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, ते हळूहळू कमी करून देतील.